वरचा थर

घोरपडे सरांनी चाकूचं टोक ओढ्याच्या दरडीत खुपसलं आणि मातीचा एक खपला हळूच तळहातावर घेतला. त्यात तांदळाएवढे चार शंख होते. सरांनी भिंग डोळ्याला लावलं. मागं संयोगिता टेप धरून उभी होती.

चार वर्षं ती आटपाडीकडच्या या ओढ्यात गोगलगायींचे जुने शंख वेचत होती. दरडीच्या खालच्या थरात सगळे लांबट, वरच्या कमरेएवढ्या थरात सगळे फुगीर, आणि दोन्हींच्या मधला म्हणावा असा एकही नाही. म्हणजे जात एका झटक्यात बदलली, असं तिनं प्रबंधात मांडलं होतं. घोरपडे सर बरोबर उलट मताचे. बदल मुंगीच्या पावलानं होतो, मधले नमुने सापडत नाहीत तो दोष आपल्या शोधण्याचा, हे ते वीस वर्षं ठासून लिहीत आले होते. विद्यापीठानं परीक्षक म्हणून नेमकं त्यांनाच धाडलं. जागा बघितल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले, आणि सकाळीच साताऱ्याहून तिच्याबरोबर गाडीत बसले.

त्यांच्या मतांना ती घाबरत नव्हती; भीती वेगळ्याच गोष्टीची होती. परवा दरड साफ करायला आली, तेव्हा दरडीवरच्या रानाची मालकीण सुलाबाई चहा घेऊन बांधावर आली होती आणि सहज बोलून गेली होती,

"वरची माती लय गुणाची बग, पोरी. बारा वर्सांखाली ह्यांनी तळ्यातला गाळ आणून पसारला. ट्रॅक्टरच्या किती खेपा झाल्या, गणतीच न्हाई."

संयोगितानं चहा तसाच खाली ठेवला. फुगीर शंख तळ्यातले होते. एका शेतकऱ्यानं आपलं रान सुधारलं होतं आणि तिनं त्यावर दोनशे पानं लिहिली होती. दोन दिवस तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

मेंढरं पल्याड सोडून सुलाबाईचे यजमान दादासो दरडीपाशी आले. सरांनी भिंग पुसलं.

"मालक, ही वरची माती इथलीच का? की कुणी बाहेरून आणून टाकलीय?"

दादासोंनी संयोगिताकडे पाहिलं. चार वर्षं उन्हातान्हात आपल्या दरडीला चिकटलेली ही पोर त्यांच्या चांगली ओळखीची होती. तिच्या तोंडाचा उडालेला रंग त्यांना दिसला.

"हितलीच की, सायेब. आमच्या आज्याच्या बी आदीपासनं हीच हाय. कुणी हात लावल्याला न्हाई."

सुटले, असं तिला वाटलं.

सर एका दगडावर बसले आणि त्यांनी वही काढली.

"कुठंतरी घोटाळा असणार, असं धरूनच आलो होतो मी," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पण इथं तरी मीच चुकलो, संयोगिता. या वयात जड जातंय बोलायला. माझ्या पुस्तकातलं या हळू बदलाचं प्रकरण आता काढून टाकावं लागेल. तुझं नाव घालून तसं कळवतो सगळ्यांना."

दादासो तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसले. त्या हसण्याची तिला मघापेक्षा जास्त भीती वाटली. आता नुसतं गप्प राहिलं तरी पुरणार होतं.

"सर, ते प्रकरण काढू नका."

आवाज नीट फुटला नव्हता. सरांनी कान पुढं केला.

"वरची माती तळ्यातली आहे. मला परवापासून माहीत आहे."

दादासोंनी मान खाली घातली. सरांनी वही मिटली. ते रागावले की काय, तिला कळेना. वर बघायचं तिला धाडस झालं नाही.

"तळं किती लांब आहे?" सरांनी विचारलं.

"टेकाडापल्याड," दादासो पुटपुटले. "चला, मी दावतो."