वर्षभरात चौदा

विद्यार्थी खुर्चीतून पुरता उठलाही नव्हता, तोवर हंबीररावांनी त्याच्यासमोरचा ऊस-संशोधनाचा अंक उचलून कपाटात नेऊन ठेवला. इस्लामपूरच्या त्या महाविद्यालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या या माणसाला टेबलावर पसारा म्हणून खपत नसे.

मागे वळले, तर नजर नको तिथे गेलीच. कोपऱ्यात सहायक ग्रंथपाल प्रांजलच्या संगणकाभोवती सात-आठ मुलं कोंडाळं करून उभी होती. जतहून दोन वर्षांपूर्वी आलेल्या या पोरीनं जगभरातली फुकट वाचता येणारी नियतकालिकं एका यादीत आणली होती, ओपन ॲक्सेस की काय ते. मुलं तिला ताई म्हणत, चहाला बोलावत. हंबीररावांना सव्वीस वर्षांत कुणी चहा विचारला नव्हता. त्यांचा नुसता जळफळाट होई, आणि तो लपवायची त्यांना फारशी गरजही वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय समितीची बैठक होती. वर्गणी भरून येणारी अकरा छापील नियतकालिकं चालू ठेवायची की नाही, हे वापराच्या आकड्यांवर ठरणार होतं. यादीवरचं वाचन संगणक आपोआप मोजी. छापील अंकांची पद्धत जुनी, हंबीररावांनीच घालून दिलेली. वाचलेला अंक टेबलावरच सोडायचा, संध्याकाळी शिपाई गुंडा ते मोजून वहीत लिहिणार, मगच अंक जागेवर जाणार.

आदल्या संध्याकाळीच प्रांजलनं वर्षाचे आकडे हंबीररावांपुढे ठेवले. यादीवरचं वाचन नऊ हजारांच्या वर होतं. छापील अंकांचं चौदा.

हंबीरराव गुंडावर उखडले.

"रोज चार-पाच पोरं बसत्यात हितं. तू मोजतोस का झोपा काढतोस?"

गुंडानं वही मिटली.

"सायेब, मी येतो तवा टेबलावर कायबी नसतंय. तुमीच उचलून ठेवता की."

ते चौदा कुठले, तेही हंबीररावांच्या ध्यानात आलं. मुलीच्या लग्नाला त्यांनी चार दिवस रजा घेतली होती.

"सर, उद्या मी सांगते समितीला, मोजणीच चुकली म्हणून," प्रांजल हळूच म्हणाली. "माझं ऐकतील ते."

तिच्या मनात खोट नव्हती. पण हंबीररावांच्या डोक्यात तिचं शेवटचं वाक्यच घुमत राहिलं. रात्री जेवणही गेलं नाही.

बैठकीत प्राचार्यांनी अकराही नियतकालिकं बंद करण्याचा ठराव वाचला आणि कुणाला काही बोलायचंय का विचारलं. प्रांजल खुर्चीतून अर्धी उठली. हंबीररावांनी स्वतः सांगायचं तर तिच्यासमोर चूक कबूल करणं आलं. तिनं सांगायचं तर अंक वाचतील, पण ते तिनं वाचवलेले असतील.

"तुमी बसा," हंबीरराव तिला म्हणाले.

मग प्राचार्यांकडे वळले.

"आकडे बरोबर आहेत, सर."