गुनवोरच्या गालाची जागा

मी लाकडाच्या गिरणीत कामाला आहे, उत्तर स्वीडनमध्ये, लिक्सेले गावाच्या वरच्या अंगाला. रायफलींबद्दल मला जे काही कळतं ते व्हिडिओ बघून आणि एव्हर्टच्या शिव्या खाऊन.

एव्हर्ट शेजारचा. एक्क्याऐंशी वर्षांचा. त्याच्याकडे दहा जुन्या स्वीडिश शिकारी रायफली होत्या, बहुतेक त्याच्या बापाच्या नाहीतर त्याच्या तरुणपणीच्या. गेल्या वर्षी त्याच्या नजरेच्या मधोमध काळं पडलं. मग रायफली तो हातानं ओळखायचा. दस्ता चाचपून साल सांगायचा, आणि चुकायचा नाही.

"तू व्हिडिओतून शिकलास, मी बापाच्या थपडांतून," तो म्हणायचा. "माझं जास्त टिकलं."

नव्या वर्षात तो वृद्धाश्रमात जाणार होता. तिथे रायफली चालत नाहीत. नऊ विकायच्या, दक्षिणेकडचा एक संग्राहक शनिवारी येणार होता. दहावी मला द्यायची ठरलं होतं. १९५१ची, हुस्क्वार्ना कंपनीची, साडेसहा मिलिमीटर गोळीची. ती गुनवोरची, त्याच्या बायकोची. गुनवोर जाऊन सहा वर्षं झाली. पोलिसांकडे परवान्याचा अर्ज मी टाकला होता. एव्हर्टचं एवढंच म्हणणं होतं की ती गावात राहावी, आणि आहे तशी राहावी.

आहे तशी. हे शब्द मी ऐकले होते.

शुक्रवारी सगळ्या पुसून तेल लावायला त्यानं मला बोलावलं. दर नोव्हेंबरात तो स्वतःच करायचा हे. तो स्वयंपाकघरात कॉफी करत बसला, मी मागच्या खोलीत. नऊ झाल्या. दहावीच्या दस्त्यावर, जिथे गाल टेकतो तिथे, तळहाताएवढा काळा डाग. चिकट. मला वाटलं, मळ. वाटलं, माझी होणार ती तरी चकचकीत दिसू दे. पॉलिश पेपर घेतला, हळूहळू घासलं, मग जवसाचं तेल. लाकूड मधासारखं निघालं. खरं सांगतो, मी खूश होतो.

एव्हर्ट आला. ओळीतून एकेक उचलून साल सांगत गेला. दहावी उचलली, दस्त्याला नाक लावलं. पुन्हा लावलं.

"ही कुणाची आणून ठेवलीस?" त्यानं विचारलं. "गुनवोरची कुठंय?"

ती त्याच्या हातातच होती.

मी खोटं बोलू शकलो असतो. त्याला दिसत नव्हतं. पण मी सांगितलं, डाग होता, मी काढला.

तो खाली बसला. बराच वेळ अंगठा लाकडावर फिरवत राहिला. मग हळू आवाजात सांगितलं. ऑगस्टच्या नेमबाजीच्या सरावात डास फार, म्हणून गुनवोर पाइनच्या लाकडाचं डांबर घरीच उकळून त्याचं तेल तोंडाला लावायची. चौतीस वर्षं तोच गाल त्याच लाकडाला. ते वासासकट मुरलं होतं. सहा वर्षं तो कपाट उघडायचा ते गोळ्या मोजायला नाही.

"एव्हर्ट, मला माहीत नव्हतं रे."

"मी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "असलं कोण सांगतं."

मग म्हणाला, उद्या हीसुद्धा त्या माणसाला दे.

संग्राहक आला. नऊ रायफली नीट बघून घेतल्या. दहावी हातात घेतली, दस्ता उजेडाला धरला आणि परत ठेवली. "घासलेली आहे. लाकडावरचा मूळ थर गेला की संग्रहात काही अर्थ नाही."

एव्हर्ट खिडकीपाशी होता. 

परवाना जानेवारीत आला. रायफल माझ्या कपाटात आहे. ऑक्टोबरात एल्क हरणाच्या शिकारीला मी तीच नेली. त्या थंडीत एक डास नव्हता, तरी मी दुकानातून डांबराचं तेल आणून गालाला चोपडलं आणि दिवसभर दस्त्याला गाल लावून बसलो. शिकारीच्या टोळीतला स्टिग हसला, म्हणाला, लग्नाला निघालास का.

रविवारी ती बाटली घेऊन वृद्धाश्रमात गेलो. झाकण काढून एव्हर्टच्या नाकाजवळ धरली.

त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"दुकानातलं आहे," तो म्हणाला, आणि झाकण चाचपडत लावून बाटली माझ्या हातात दिली. मग विचारलं, बाहेर बर्फ पडायला लागलाय का.

पडत होता.