कोंडूचं खरं वजन

पाड्यावर पोरांची वजनं करायचा दिवस म्हणजे हर्षालीचा दिवस. मास्तरांशी भांडून नववीत शाळा सोडलेली ही पोरगी, पण काट्यावरचा आकडा तिच्याइतका चोख कोण वाचणार? म्हणून बायकांच्या आरोग्य गटानं हे काम तिच्यावरच टाकलं होतं. समाजमंदिराच्या तुळईला काटा टांगायचा, झोळीत पोर ठेवायचं, आकडा तक्त्यावर मांडायचा. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे सरळ दवाखाना.

थंडी होती, म्हणून लहानी आजीनं दहा महिन्यांच्या नातवाला, कोंडूला, गोधडीसकट झोळीत ठेवलं. कोंडूची आई, आजीची सून राही, बाजूला उभी होती.

"गोधडीचं वजा करून सात किलो चारशे. हिरवं!" हर्षाली ओरडली.

लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. पोराच्या मनगटातला काळा दोरा मागच्या महिन्यात घट्ट बसला होता. आज तो कोपरापर्यंत सरकत होता.

तिनं गोधडीचा कोपरा ओढला. खण्णकन काहीतरी फरशीवर पडलं. नांगराच्या मोडक्या फाळाचा तुकडा, चांगला वजनदार.

"आजे! हे काय गो? आमाला येड्यात काढतेस?"

"ओरडू नको. लोखंड हाय ते. चारचौघांत पोर टांगता, नजर नाय लागायची?"

"नजर? तुझ्या या लोखंडापायी मी खोटं लिवलं! तुला नातू जगायला पायजे का नको?"

आजीनं फाळ उचलला, कोंडूला खांद्यावर टाकलं आणि निघाली. राही मान खाली घालून तिच्यामागं गेली.

"झालं समाधान?" गटाची प्रमुख प्रेमा मावशी म्हणाली. "आता ती म्हातारी परत पाय ठेवील इथं? आन् पोराचं खरं वजन कोण सांगंल, तू?"

हर्षाली पाय आपटत घरी गेली. भाकरी तशीच झाकून ठेवली. तो दोरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. दुपारी तिनं काटा-झोळी खांद्याला अडकवली आणि लहानी आजीचं दार गाठलं.

"आता काय, घरात येऊन शिव्या देणार?" आजी म्हणाली.

"नाय. चुकलं माझं, आजे."

हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. तिलाच ते परके वाटले. आजीनं तिला आत राहीपाशी बसवलं. मग हळूच म्हणाली, "माझी पहिली पोर अशीच गुबगुबीत होती. एका लग्नात सगळ्यांनी उचलली, गालगुच्चे घेतले. आठ दिवसांत गेली. तवा माझ्यापाशी लोखंड नव्हतं."

हर्षालीनं वाद घातला नाही. "इथंच करू," ती म्हणाली. "दार लावून. आपण तिघीच. लोखंड तू हातात धर, त्याच्याजवळ उभी ऱ्हा. फक्त झोळीला लावू नको."

घराच्या वाशाला काटा लागला. कोंडू उघडाच झोळीत बसला आणि हर्षालीकडं बघून हसला. आजी फाळ मुठीत घेऊन त्याच्या डोक्याशी उभी राहिली. काटा स्थिरावला.

"किती?" राहीनं विचारलं.

"साडेसहा, वहिनी." हर्षालीचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला. "लाल."

राही झोळीपाशी येऊन बसली. "मला वाटायचंच गो. कडेवर हलका लागायचा. पण मागल्या महिन्यात तुमी हिरवं लिवलंत, म्हटलं मलाच काय कळतंय."

हर्षालीचे कान तापले. आता रागवायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"उद्या सकाळच्या एसटीनं शहापूरच्या दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "पोराला तिथं ठेवून घेतात, आईला बी जेवाण देतात. मी येते संगट."

दोघींनी आजीकडं पाहिलं. तिच्या होकाराशिवाय राही उंबरा ओलांडणार नव्हती. आजीनं कोंडूला झोळीतून काढलं, त्याचे काटकुळे पाय पदरात गुंडाळले.

"तितं कोण वाकडं बोललं तर?"

"मी हाय ना. एकेकाला सरळ करीन."

"नाय बाये," आजी म्हणाली, आणि तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात हसू आलं. "आतासारखंच बोल. हळू." तिनं कोंडूला हर्षालीच्या कडेवर दिलं आणि राहीकडं वळली. "ऊठ, तुझं बरं लुगडं काढ. पदर फाटलाय का बघते, आजच शिवून ठेवते."