असा कॉलम नाही

कारखान्याचा डेटाबेस मुलखाचा फटकळ. कॉलमच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की 'असा कॉलम नाही' एवढं बोलून मोकळा. मग चुकलेला माणूस संगणक विभागात फोन लावणार आणि तो उचलणार तिथे काम करणारी ही. अर्धा दिवस त्यातच जायचा. शेवटी वैतागून तिने त्याला माणसासारखं बोलायला शिकवलं: चुकलेल्या नावाशी जुळणारी दोन नावं शोधायची आणि 'हे म्हणायचं होतं का?' असं विचारायचं. सोमवारी ते सुरू झालं आणि फोन थांबले. साहेबांनी चक्क पाठ थोपटली.

एरवी ती हरखून गेली असती. पण गेल्या गुरुवारपासून तिचं कशातच मन नव्हतं. साहेबांनी तिच्याकडून कामगारांच्या टेबलमध्ये एक कॉलम भरून घेतला होता, 'कपात तारीख'. फक्त चौघांना दिसणारा. कामावरून कमी करायच्या एकतीस नावांपुढे महिनाअखेरची तारीख, आणि त्यातलं एक नाव स्टोअर सांभाळणाऱ्या तिच्या सख्ख्या भावाचं. बोलावं तर स्वतःचीही नोकरी जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मंगळवारी दादा कामगारांना नवे बूट वाटणार होता. वर्ष भरलेल्यांनाच बूट, म्हणून तो कामावर लागल्याची तारीख शोधत होता. घाईत कॉलमचं नाव चुकलं. पडद्यावर आलं: 'भरती तारीख किंवा कपात तारीख म्हणायचं होतं का?'

तो कॉलम उघडायला इतरांना बंदी होती. त्याचं नाव सुचवायलाही बंदी घालायला हवी, हे मात्र ही शहाणी साफ विसरली होती.

दादाचा फोन आला. "ही कपात तारीख काय भानगड आहे गं? उघडायला गेलो तर परवानगी नाही म्हणतो."

'काही नाही, चाचणीचा कॉलम आहे.' अगदी ओठांवर आलं होतं.

"खाली येते," ती म्हणाली.

स्टोअरमध्ये बुटांचे खोके छताला टेकले होते. दादाने स्टूल पुढे सरकवलं. ती उभीच राहिली.

"माझं नाव आहे त्यात?"

"आहे."

"तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने हातातला खोका हळूच खाली ठेवला.

"रविवारी जेवायला आली होतीस," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीने नव्या घरांचे नकाशे दाखवले. स्वयंपाकघर मोठं असेल तेच घ्या, म्हणालीस."