झगमग साहेबांच्या नाचणाऱ्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे झगमग म्हणतो. कुठं काही चमकलं, की त्यांना शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा असतो. माझं नशीब असं, की मी चमकणारा रंगच बनवते.

हा रंग जिवंत पेशीत शिरतो आणि गप्प बसून राहतो. जांभळा प्रकाश पडला तरच हिरवा उजळतो. म्हणून गर्दीतल्या एकाच पेशीवर सुईच्या टोकाएवढा प्रकाश टाकायचा आणि ती एकटी कुठं सरकते त्याची फिल्म घ्यायची. माझ्या पदवीचं घोडं अशा एका फिल्मपाशी अडलं होतं आणि रंगाचा शेवटचा थेंब मी त्या दिवशीच्या पेशींच्या काचेच्या बशीत घातला होता. घरी दादानं 'संपलं का गं?' विचारणं सोडलंय. आता वहिनी विचारते.

मी पेशी निवडत होते, तेवढ्यात झगमग देणगीदार पाहुण्यांना घेऊन आत आले. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर अंधार बघून त्यांचं तोंड उतरलं.

"अगं, काहीच दिसत नाहीये."

"दिसायला नकोच आहे, सर. एकच पेशी उजळायचीय."

"एक कशाला? सगळ्या उजळू देत की."

मला बाजूला सारून त्यांनी जांभळ्या प्रकाशाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तो अख्ख्या बशीवर सोडला. या माणसानं याच विषयावर अर्धं आयुष्य भाषणं ठोकली आहेत.

पडदा हिरवागार झाला, कॅमेरा सगळं टिपत होता. पाहुण्यांनी माना डोलावल्या. थोड्या वेळानं पेशी आक्रसल्या, त्यांच्या अंगावर फुगे येऊ लागले. फार प्रकाशानं भाजलेली पेशी मरताना असेच फुगे काढते, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं.

"बघा, कशा नाचताहेत," झगमग म्हणाले. "याला म्हणतात जिवंतपणा."

मी पाहुण्यांसमोरच म्हणाले, "मरताहेत त्या, सर."

"आमची मुलगी भारी विनोदी आहे," ते पाहुण्यांना म्हणाले, आणि पाहुणे मनापासून हसले.

त्यांना गाडीपर्यंत पोचवून झगमग परत आले ते शीळ घालतच.

"नवा रंग बनवायला किती वेळ लागेल गं?"

"वर्ष."

"मग काही घाई नाही. तोवर हीच फिल्म दाखवू."