ज्याच्या हातात मी, त्यानं बोलायचं

मी एक चेंडू बोलतोय. नाक मुरडू नका. रबराचा नाही, चामड्याचा तर नाहीच, फाटक्या मोज्यांचा. पोटात अकरा मोजे आहेत आणि त्यातल्या एकाचाही जोडीदार सोबत नाही. तेव्हा माझ्याकडून शिस्तीची अपेक्षा नको.

मला शिवलं ड्रायव्हरकाकांनी. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. मग डोक्यात आवाज यायला लागले आणि स्टिअरिंग सुटलं. मनाच्या आजारांच्या दवाखान्यात हस्तकलेचा तास असायचा, तिथे मी जन्मलो. गोळ्यांनी काकांचे हात थरथरायचे, म्हणून मी एका अंगाला फुगलेला. सरळ टाका, तिरका जातो. काका म्हणायचे, "एवढी वाकडी तर माझी बसपण जात नव्हती रे."

शिक्षण म्हणाल तर कानावर पडलं तेवढंच. तरी मला थेट संशोधनाला बसवलं. कॉलेजातून एक बाई आल्या. म्हणाल्या, लोक दवाखान्यात यायचं मध्येच का सोडतात ते शोधायचंय, आणि ते शोधायचं तुम्ही, इथे औषध घेणाऱ्यांनी. प्रश्न तुम्ही काढा, घरोघर तुम्ही जा. डॉक्टरही गोलात बसतील, पण तुमच्यातलेच एक म्हणून. डॉक्टर कबूल झाले. फक्त एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. म्हणून बाईंनी नियम काढला: ज्याच्या हातात चेंडू, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

झालं, माझा भाव वधारला. मी मुद्दाम डॉक्टरांच्या खुर्चीखाली घरंगळायचो आणि त्यांना ओणवं करायचो. मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर ओणवं बघण्यात काय सुख असतं म्हणता!

गटात सगळ्यात कामाच्या होत्या टेलरताई. ब्लाउज शिवून एकटीनं मुलगी वाढवलेल्या. त्या म्हणाल्या, "'गोळ्या घेता का' असं विचारलं की माणूस खोटं बोलतो. 'गोळ्या कुठे ठेवता' विचारा. जागा सांगता आली नाही की समजायचं." बाईंनी तो प्रश्न पहिला लिहिला. पण स्वतःविषयी ताई कधी चकार शब्द काढत नसत.

एका गुरुवारी बाई म्हणाल्या, "आज आपल्याबद्दल बोलू. आपण कधी यायचं सोडलं होतं का?" काकांनी मला डॉक्टरांकडे फेकलं. आणि मला खोडी सुचली. अंग झटकत नाही मी: फेक नीट होती, वळायची हौस माझी. मी गेलो तो टेलरताईंच्या मांडीत.

"काका, चुकून आलाय," ताई म्हणाल्या.

"नियम म्हणजे नियम," काका म्हणाले. "हातात आला की बोलायचं."

सगळे हसले. बाईही हसल्या. आणि सगळ्यात जास्त मी.

ताईंनी मला दोन्ही हातांनी दाबून धरलं, इतकं की आतले मोजे गोळा झाले. खाली बघत त्या बोलल्या. "मी दोन वर्षं आले नव्हते. मुलगी तीन वर्षांची होती. तिला कुणीतरी न्यायला आलंय असं वाटायचं मला. एकदा तिला खोलीत कोंडलं आणि निघून गेले. संध्याकाळी परतले. हे इथे कळलं तर मुलगी काढून घेतील, म्हणून यायचंच बंद केलं. तिला आठवत नाही. मी सांगितलेलं नाही."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. "फार मोलाची माहिती दिलीत," म्हणाल्या.

ताईंनी मला फेकलं नाही, जमिनीवर ठेवलं. पाणी पिऊन येते म्हणून गेल्या, त्या पुढचे तीन गुरुवार आल्याच नाहीत. लोक यायचं का सोडतात हे शोधणाऱ्यांनीच एकीला यायचं सोडायला लावलं. काका तर जेवेनासे झाले. "तीस वर्षांत कुणाला ढकलून बसमध्ये चढवलं नाही मी," एवढंच म्हणायचे.

चौथ्या गुरुवारी बाई आणि काका ताईंच्या घरी गेले. मी काकांच्या पिशवीत. ताई मशीनवर होत्या, मुलगी आतल्या खोलीत अभ्यासाला.

"का सोडलंत यायचं?" बाईंनी विचारलं.

"आपलाच प्रश्न मला?" ताई हळू आवाजात म्हणाल्या. "मग लिहा. डॉक्टर विचारायचे तेव्हा निदान गप्प बसता यायचं. तुमच्याकडे गप्प बसायची सोयच नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. काकांनी मान खाली घातली. मी पिशवीच्या तळाशी गेलो.

"त्या दिवशी मी बोलले ते छापणार तुम्ही?" ताईंनी विचारलं.

बाईंनी वहीतून ते पान काढलं आणि ताईंच्या हातात दिलं. "याची नक्कल नाही. तुमचं आहे."

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. "कसला गं कागद, आई?"

ताईंनी घडी घातली. "माझा आहे. बस तू, येतेच." आणि बाईंना दारापर्यंत सोडताना म्हणाल्या, "आधी हिला सांगेन. मग छापायचं की नाही ते कळवेन. घाई करू नका."

अहवाल अजून थांबलाय. डॉक्टर दर आठवड्याला विचारतात, काका त्यांना गप्प करतात. ताई परत यायला लागल्यात. आता मला कुणी फेकत नाही, हातातून हातात देतात, आणि न बोलता पुढे दिलं तरी चालतं. मी ताईंकडे येतो तेव्हा त्या मला क्षणभर धरतात आणि शेजारच्याला देतात. मुलीला सांगितलं का, कुणी विचारत नाही. मीही वळत नाही, जमेल तितका सरळ राहतो.

तुमच्याकडेही कधी माझ्यासारखा एखादा येईल हसतखेळत, आणि सगळे म्हणतील, बोल की. तुम्हाला नको असेल तर खुशाल पुढे द्या. आणि तो दुसऱ्या कुणाच्या मांडीत पडला, तर हसायच्या आधी त्या माणसाच्या हातांकडे बघा. मी त्या हातांत होतो, तरी बघितलं नाही.