नख रुतलं पाहिजे

तोकुजिरोंनी अंगठ्याचं नख टायरच्या रबरात दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. मग नखाकडे असं रागाने पाहिलं, जशी काही चूक त्याचीच होती.

“रुतत नाही,” ते म्हणाले. “दगड झालाय नुसता. आठवडाभर कंठशोष करतोय, नवे घ्यायला हवेत म्हणून. आज घेऊनच टाकू.”

शेडच्या दारात चिगुसा उभी होती. “खाचा चांगल्या खोल आहेत की, बाबा.”

“खाचा काय चाटायच्यात? निसरड्यावर रबर धरतं. ते मऊच नसेल तर खाच घेऊन काय करायचंय?” एक्क्याऐंशी वर्षांचे सासरे गुडघ्यावर हात टेकून उठले. “तू आवरून ये. तुझ्याच गाडीने जाऊ. ट्रकची बॅटरी रुसलीय.”

समोरच्या डोंगराचा माथा सकाळपासून पांढरा दिसत होता. दोन-चार दिवसांत बर्फ खाली उतरणार, हे रेडिओने सांगायची गरज नव्हती. गावातल्या घराघरांतून उन्हाळी टायर काढून बर्फावर धरणारे मऊ हिवाळी टायर चढवण्याची गडबड चालली होती. ती आवरून येईपर्यंत सासऱ्यांनी चार जुनी चाकं स्वतःच तिच्या गाडीत मागे चढवून वर घोंगडी टाकली होती. दम लागला होता, पण ऐट अशी, की कुणी काही विचारू नये.

गेल्या फेब्रुवारीत घाटातल्या उतारावर त्यांचा छोटा पांढरा ट्रक घसरून चरात गेला होता. “मांजर आडवं आलं,” असं त्यांनी घरी सांगितलं. ट्रॅक्टरने ओढून काढणाऱ्याने चिगुसाला वेगळंच सांगितलं: ब्रेक उशिरा लागला, आणि म्हातारबुवा चाक धरून तसेच बसून होते, दार उघडलं तरी. त्या दिवसापासून फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची. नवरा यासुनोरी कामाला सेंदाई शहरात. “तूच सांग,” तो फोनवर म्हणायचा, “माझं कुठे ऐकतात?”

पण सांगायचं कसं? घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात सासूबाई होत्या. सून कोण, मुलगा कोण, हे त्यांना आता कळत नव्हतं. नर्सने भरवलं तर तोंड फिरवायच्या. तोकुजिरोंनी पर्सिमनच्या फळाची फोड पुढे केली, की मात्र निमूटपणे खायच्या. ट्रक चालवू नका म्हणायचं म्हणजे त्या फोडीवरच पाणी सोडा म्हणायचं.

म्हणून तिने गुरुवारी टायरवाल्या कुमागाईला गुपचूप फोन केला होता. बाबा टायर घ्यायला आले तर साईज संपलीय म्हणून सांगा. जुने त्यांनी स्वतःच बाद ठरवलेत. नवे मिळाले नाहीत तर ट्रक घरीच राहील.

“मला खोटं बोलायला लावताय होय, वहिनी?” कुमागाई म्हणाला होता. मग म्हणाला, “बघतो.”

दुकानापुढे पाच गाड्यांची रांग होती. गाड्यांचे मालक स्टोव्हभोवती हात शेकत उभे होते. कुमागाई काळे तळवे पुसत बाहेर आला.

“आलात, आजोबा? दोन प्रकार काढून ठेवलेत. हा टिकेल, पाच हिवाळे काढेल. पण काचेसारख्या बर्फावर जरा दगा देतो. हा दुसरा मऊ. लवकर झिजेल, पण थांबेल.”

तोकुजिरोंनी दोन्हींत नख दाबून पाहिलं. “झिजू दे. उतारावर थांबला पाहिजे. हाच दे.”

“पण साईज संपलीय म्हणत होतात ना, कुमागाईसान?” चिगुसाने आवाजात जोर आणला.

कुमागाईने छताकडे पाहिलं. “मिळाली.”

आता तिचा तोल गेला. मेल्याने ऐन वेळी टांग मारली होती.

“बाबा, तुम्ही घाटात ट्रक न्यायचा नाही,” ती म्हणाली. स्टोव्हभोवतीची माणसं बोलायची थांबली, तरी ती थांबली नाही. “मांजर-बिंजर काही नव्हतं. मला सगळं माहितीये. तुम्ही निघालात की मी स्वयंपाकघरात घड्याळ बघत बसते. भीती वाटते हो मला! मऊ टायर लावून डोळे तरणे होतात का?”

सासऱ्यांनी टोपी काढली, आतून पाहिली आणि परत घातली.

“किल्ली द्या, वहिनी,” कुमागाई हळूच म्हणाला.

“चाकं मागे आहेत ना? काढून घ्या. गाडीची किल्ली कशाला?”

“चाकं तुमच्याच गाडीची आहेत. टायरही तुमच्याच गाडीचे.” कुमागाईने मान खाजवली. “आजोबा सोमवारीच सांगून गेले होते. तुमचा फोन आला गुरुवारी. दोघांचंही एकच, कुणाला बोलू नकोस. मी करू तरी काय?”

चिगुसाने मागचं दार उघडून घोंगडी ओढली. चाकं खरंच तिची होती.

“बाजूला वर्ष छापलेलं असतं,” तोकुजिरो म्हणाले. “कधी वाचलंस? आठवा हिवाळा होता त्यांचा. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात वेळेवर पोचायचं म्हणून रोज पहाटे तोच घाट उतरतेस, आणि काळजी करतेस माझ्या ट्रकची. शहाणीच आहेस.”

“आणि ट्रकला?”

“उन्हाळीच राहू देत.”

तिला पुढे विचारावं लागलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या ओनोदेरांची गाडी तीन वर्षांपूर्वी अशीच उन्हाळी टायरांवर राहिली होती. डिसेंबरात बर्फाखाली गेली, एप्रिलमध्ये दिसली, पण रस्त्यावर पुन्हा कधी आली नाही. त्यावर ओनोदेरांना गावात कुणी एक शब्द विचारला नव्हता.

अर्ध्या तासाने कुमागाईने गाडी बाहेर काढून दिली. तोकुजिरो वळसा घालून डाव्या दाराने आत बसले. कोटाच्या खिशातून कापडात बांधलेला फोडींचा डबा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. सीटचा पट्टा त्यांना सापडेना. चिगुसाने वाकून लावून दिला.

“पहाटे कितीला निघतेस?”

“साडेपाचला. पण आश्रम नऊशिवाय उघडत नाही, बाबा.”

“पलीकडच्या स्टेशनात बसेन. तिथे स्टोव्ह असतो.” त्यांनी समोर पाहिलं. “नवे टायर आधी कोरड्या रस्त्यावर शंभरेक किलोमीटर हळूहळू फिरवावे लागतात. बर्फाच्या आधी व्हायला हवं ते. आज तुला सुट्टीच आहे.”

चिगुसाने गाडी सुरू केली. फाट्यावर घराचा रस्ता डावीकडे होता, घाटाचा उजवीकडे. तिने उजवा दिवा लावला.

घाटाच्या पहिल्या मोठ्या उतारावर त्यांचा उजवा पाय पुढे सरकला आणि पायपुसण्यावर घट्ट दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. चिगुसाने ते पाहिलं, आणि आपल्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबला.